सुपडू आबांचा बायोडाटा

"त्यासले काही इचारू नको. तुन्हंच बोलनं तुलेच वापस भेटी."

फोटो काढायला आलेल्या दोघांपैकी एक जण दुसऱ्याच्या कानाशी लागून म्हणाला. मी कॉम्प्युटरच्या आड बसले होते, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. तेवढ्यात सुपडू आबा पायरी चढून दुकानात आले. दुसऱ्याला राहवलं नाही.

"आबा, आज ऊन भलतं शे."

"भलतं शे," आबा म्हणाले. 'शे' जरा लांबवून, शेवटी मान हलकेच खाली.

"गावमा लाइट उनी का?"

"लाइट उनी का," आबांनी तेही परत केलं आणि बाकावर बसून धोतराचा सोगा सारखा केला. ते दोघं हसत बाहेर गेले.

आबा कुणाची टर उडवत नव्हते. गावच्या भजनी मंडळात त्यांनी चाळीस वर्षं झील धरली आहे. म्हणजे समोरचा भजनाची ओळ म्हणतो आणि झीलकरी तिचं शेपूट उचलून परत म्हणतो. समोरचा होता पुंजूभाऊ शिंपी. पुंजूभाऊंनी म्हणायचं, आबांनी धरायचं. इतक्या वर्षांत ही सवय टाळासोबत खाली ठेवता येईनाशी झाली. वाण्याकडे साखर मागतानासुद्धा आबा आधी वाण्यानं काही बोलायची वाट बघतात.

आमचं गाव शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीच्या पुढे. दुकान माझ्या चुलतभावाचं, नीलेशदादाचं. तिथे ऑनलाइन फॉर्म भरतात, दाखले काढतात, छपाई करतात. मी नंदुरबारला होस्टेलवर राहून इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून फॉर्म माझ्याकडे आणि गिऱ्हाइकाशी बोलणं दादाकडे. ही वाटणी मला फार सोयीची होती.

आबांचं घर आमच्या घराला लागून, मधली भिंत एकच. त्यामुळे मला त्यांच्या आवडीनिवडी त्यांच्या बायकोइतक्याच माहीत आहेत. सिनेमाच्या चालीवर भजन बसवलेलं त्यांना चालत नाही; अशा वेळी देव उठून जातो, असं ते म्हणतात. सकाळचं भजन संध्याकाळी म्हटलेलं ऐकलं की त्यांचं पोट बिघडतं. यात्रेत कळशी घ्यायला गेले तर दहा कळश्या बोटानं वाजवून पाहतात आणि आपल्या टाळाशी जुळेल तीच घेतात. आमच्या घरची कुकरची शिट्टी अर्ध्या सुरानं उतरलेली आहे, ही तक्रार त्यांनी माझ्या आईकडे दोनदा केली आहे. शहाद्याच्या बसचा हॉर्न बरोबर पेटीच्या काळी दोन या सुरात वाजतो म्हणून ती बस त्यांना भरवशाची वाटते.

दोन वर्षांपूर्वी पुंजूभाऊ मुलाकडे सुरतला राहायला गेले. बाकीची मंडळी त्याआधीच एकेक करून गळाली होती. आबांनी फोनवर झील धरायचा प्रयत्न केला. मला भिंतीतून सगळं ऐकू यायचं. पुंजूभाऊंचा आवाज सुरतेहून येईपर्यंत इकडे ताल निघून जायचा. मग दोघंही एकदम म्हणायचे, एकदम थांबायचे, आणि "तू म्हन" "नही, तू म्हन" यात रिचार्ज संपायचा. त्यानंतर आबा रोज पहाटे साडेपाचला मोबाइलमध्ये पुंजूभाऊंची जुनी रेकॉर्डिंग लावायला लागले.

"पन तो मन्हासाठे थांबत नही," ते एकदा माझ्या वडिलांना म्हणाले. "मन्हा दम पुरत नही, तेवढामा तो पुढे निंघी जास."

तर त्या दिवशी दुकानात आबा आले ते याच काळजीनं. नीलेशदादा मंदिर समितीचा सचिवही आहे. त्यानं आबांना सरळ सांगितलं होतं, "आबा, दोन वरीसपाईन एकादशीले तुम्ही नुसता टाळ लिसन बठतस. लोके तोंड देखत ऱ्हातस. ह्या एकादशीले म्हननारा आना, नही ते आपुन स्पीकरवर रेकॉर्ड लावसूत. कायमचं."

एकादशीला अकरा दिवस होते.

मी तेव्हा एका मुलीच्या लग्नाचा बायोडाटा छापत होते. आमच्या दुकानात दाखल्यांच्या खालोखाल तेच जास्त निघतात. आबांनी तो कागद हातात घेतला आणि बोट ठेवत ठेवत वाचला. नाव, शिक्षण, आवड, छंद, अपेक्षा.

"पोरी, हाई चांगलं शे," ते म्हणाले. "माले बी असाच एक काढी दे. मानूस पायजे."

मी मान वर केली. हा कागद कशासाठी असतो ते सांगायला हवं होतं. पण माझं वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत तयार होतं, मग पुस्तकी मराठीत, मग अहिराणीत. तोवर समोरचा माणूस पुढे गेलेला असतो. आबा तर नावाच्या रकान्यापर्यंत पोहोचले होते.

मी टाइप करत गेले. आवड: पहाटेचे भजन, जुन्या चाली. नावड: घाई, सिनेमा, मध्येच मोबाइल बघणे. छंद: झील धरणे. अपेक्षा या रकान्याला त्यांनी पाऊण तास घेतला. सुरुवात करणारी व्यक्ती हवी. आवाज गोड नसला तरी चालेल, पण खरा असावा. पहाटे साडेपाचला उठावे. अर्ध्यात थांबू नये. एकदा आल्यावर परगावी जाऊ नये.

वैवाहिक स्थिती या रकान्याशी मी घुटमळले.

"एकटा," आबा म्हणाले. "पुंजू गया तठपाईन एकटाच शे."

मी 'एकटे' असं लिहिलं. गंगूआजी, म्हणजे आबांची बायको, त्याच वेळी आमच्या अंगणात बसून माझ्या आईबरोबर मिरच्यांची देठं काढत होत्या.

सगळ्यात वर गणपती होताच. तो साच्यातच असतो. आबांना तो फार आवडला. मग म्हणाले, "आते धाड समदासले."

दुकानाच्या फोनवर बरेच ग्रुप होते. केळीचे भाव, क्रिकेट, मंदिर समिती आणि समाजाचा वधू-वर मेळावा. त्या शेवटच्या नावावर माझं बोट थांबलं. आबा कौतुकानं बघत होते. "धाडं का?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली आणि सगळ्यांना पाठवून दिलं.

पुढचे अकरा दिवस मी नीट जेवले नाही. फोन वाजला की दादा जवळ नाही ना, ते मी आधी बघायचे. फोन येतही होते. धडगावकडून एकानं मुलं किती आहेत ते विचारलं. कुणी गोत्र विचारलं. मी "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायचे. हे दोन शब्द मला तिन्ही भाषांत पटकन जमतात. आबा रोज पायरीशी येऊन विचारायचे, "कोनी भेटनं का?" आणि मी नाही म्हणून मान हलवायचे. परत जाताना ते स्वतःचीच समजूत घालायचे, "सुरुवात भेटाले पायजे. बाकी मी देखी लेस."

पहाटे भिंतीपलीकडे ते रेकॉर्डिंगमागे धापा टाकत पळायचे. मी अंथरुणात पडून ऐकायचे. पुंजूभाऊ कुठे श्वास घेतात, कोणत्या शब्दावर आवाज उचलतात, सगळं मला पाठ झालं होतं. त्या अकरा दिवसांत कितीदा तरी मी ओठांतल्या ओठांत त्यांच्या जागी म्हणून पाहिलं. आई अंघोळीच्या पाण्यासाठी हाक मारायची आणि मी गप्प व्हायचे.

एकादशीच्या दुपारी विसरवाडीहून एक गृहस्थ आले. हायवेवर त्यांचं हॉटेल होतं. पांढरे कपडे, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. आधी दुकानावर आले आणि माझ्यापुढे तो बायोडाटा धरून म्हणाले, "हे पाहुणे कुठे राहतात?" दादा शहाद्याला गेला होता. मलाच त्यांच्याबरोबर निघावं लागलं. रस्ताभर मी बोलायचं वाक्य जुळवत होते. ते पूर्ण होण्याआधी आबांचं अंगण आलं.

आबांचा चेहरा असा उजळला, की मी खांबाआड सरकले. त्यांनी सतरंजी झटकली, ओट्यावर पसरली आणि टाळाचे दोन जोड आणून ठेवले. पाहुण्यांनी टाळांकडे पाहिलं, मग घराकडे, मग छपराकडे.

"तुमच्या अपेक्षा वाचल्या," पाहुणे म्हणाले. "स्पष्ट माणूस दिसता. मला बरं वाटलं."

"बरं वाटलं," आबा म्हणाले.

"माझी बहीण लहानपणापासून पहाटे उठते."

"कोन?"

"बहीण. तिच्यासाठीच आलो ना."

इतक्यात गंगूआजी चहा घेऊन बाहेर आल्या. पाहुण्यांनी चहा घेतला आणि विचारलं, "या कोण? भावजय का?"

"मन्ही बायको," आबा म्हणाले.

पाहुण्यांची बशी तशीच राहिली. त्यांनी कागद उघडला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि आजींकडे पाहिलं. आजींना वाचता येत नाही. त्यांनी कागद पाहुण्यांकडून घेऊन माझ्याकडे दिला. "वाच व माय." मी वाचलं. 'वैवाहिक स्थिती: एकटे.'

आजी आबांकडे वळल्या. "चाळीस वरीस तुमनी भाकर मी थापी," त्या म्हणाल्या, "आनि एकटा शेतस व्हय?"

"तू भजन कोठे म्हनस?" आबा खरोखरच गोंधळून म्हणाले.

"म्हनतू. कधी इचारं का? आते मन्हा गळाच ऱ्हायना नही."

चूक माझी होती. ती सांगायची ही जागा होती आणि मी खांबाला टेकून चपलेनं माती उकरत होते. शेवटी आजींनीच कागद कुठे मिळाला ते पाहुण्यांना विचारून सगळं उलगडलं, पाहुण्यांनाही आणि आबांनाही. पाहुणे भले माणूस. त्यांनी चहा संपवला. म्हणाले, "बहीण मला विचारत होती, साडेपाचला उठायचं ते ठीक, पण पाणी कोण तापवणार? आता तिला काय सांगू?" पेढे परत न्यायला त्यांना बरं वाटेना, म्हणून पुडा ठेवून, पाचच्या बसनं निघून गेले.

आबा सतरंजीवरच बसून होते. आजी आत गेल्या. मला जाता येईना. मी सतरंजीच्या कडेला टेकले आणि विचारलं, "आबा, तुम्हीच का नाही म्हणत पहिली ओळ? सगळं पाठ आहे तुम्हाला."

आमच्या मंडळाचा दंडक मला माहीत होता: एकदा झील हातात घेतली की सुरुवात करायची नाही. आबा तेच सांगतील असं वाटलं. त्यांनी टाळाची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली.

"पहिली ओळ म्हननारा देवसंगे बोलस," ते म्हणाले. "मी देवसंगे कधी बोलनू नही. मी पुंजूसंगे बोलस."

दिवेलागणीला मंदिरात पंचवीस-तीस माणसं जमली होती. बायका मागे, मी त्यांच्याही मागे, भिंतीला चिकटून. आबा रोजच्या जागी बसले होते, मांडीवर टाळ. समोरच्या सतरंजीवर कुणीच बसलं नव्हतं. पाहुण्यांची गोष्ट गावात आमच्या आधी पोहोचली होती. पुढे बसलेल्यांचे खांदे हलत होते. "आबा, नवरी कोठे शे?" एकानं विचारलंच. आबांनी नेहमीसारखं शेपूट उचललं नाही. त्यांनी नुसतं समोर पाहिलं.

गंगूआजी बायकांच्या ओळीत पुढे होत्या. त्यांनी त्या माणसाकडे असं बघितलं, की त्याचे खांदे थांबले. पण सुरुवात त्यांच्याकडूनही होईना.

दादा स्पीकरजवळ उभा होता. त्यानं घड्याळ पाहिलं. त्याला वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं; तो सारखा वायर सरळ करत होता. "आबा, लावू ना मग?" तो म्हणाला.

आबांनी टाळ उचलले. एकदा वाजवले. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. इतक्या माणसांत ते कुणाच्या तरी तोंडातून आवाज निघायची वाट पाहत होते. दादाचा हात बटणाकडे गेला.

मी उठले. बायकांच्या ओळीतून पुढे जाताना कुणाच्या तरी पदरावर पाय पडला. मी समोरच्या सतरंजीवर, पुंजूभाऊंच्या जागी बसले. बाईमाणसानं त्या जागी बसायचं नसतं, हे मला खाली बसल्यावर आठवलं. डोक्यात इंग्रजी वाक्य तयार होत होतं. मी ते पूर्ण होऊ दिलं नाही.

"दादा, बटण नको दाबू," मी म्हणाले. "आबा, तो कागद मीच चुकीना ठिकाने धाडा व्हता. पहिली ओळ मी म्हनस. तुम्ही धरा."