डोईफोडे सरांचा कांदा

मे महिन्याच्या उन्हात, एस.टी.त मांडीवर पाण्याचा ग्लास आणि ग्लासावर कांदा बसवून निघालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज पाहायचो. तेलगावहून येताना त्याची जागा मीच रुमाल टाकून धरायचो. वडवणीला डोईफोडे सर चढायचे. गाडी खड्ड्यात आदळली की ते ग्लास छातीशी धरायचे आणि पाणी माझ्या पँटवर सांडायचं. एका म्हातारीनं विचारलं, कोणाची नजर काढाया चाललात? सर म्हणाले, पेशी बघाया. म्हातारी उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

आम्ही दोघंही अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. उन्हाळ्यात बीडला शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं होतं. प्रशिक्षण म्हणजे काय, तर गट पाडायचे, गटाला नाव द्यायचं, तक्त्यावर रंगीत पेनानं काहीतरी लिहायचं आणि जेवणाची वाट बघायची. सर तर त्याच महिन्यात रिटायर होणार होते. त्यांना कोणी बोलावलंही नसतं. पण हे अर्ज करून आले. बायको गेल्यापासून घरात एकटेच असतात, म्हणून करमणुकीला येत असतील, असं आम्हाला वाटलं.

माणूस तसा लई चिकट. कोणी काहीही सांगो, सर विचारणार, "सोता पाह्यलंय का?" माझा पोरगा पास झाला म्हणून मी पेढा दिला, तर पेढा हातात धरून तेच. मार्कमेमो दाखवला तेव्हा कुठं तोंडात घातला.

पहिल्याच दिवशी शिकवायला आलेल्या तरुण मॅडमनी विचारलं, की पेशी विभागताना सूक्ष्मदर्शकात कोणी कोणी पाहिलीय? बहुतेक सगळ्यांचे हात वर गेले. कबूल कोण करतो हो? डोईफोडे सर तेवढे उभे राहिले आणि म्हणाले, "मी न्हाई पाह्यली. आमच्या कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाला भिंगच न्हाई. जन्मभर फळ्यावर काढून शिकवलं. रिटायर व्हायच्या आदी एकदा बघायचीय."

हॉलमध्ये हशा पिकला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. शेवटच्या दिवशी आपण बघू, म्हणाल्या. कांद्याला मुळं तेवढी फुटू द्या. मुळाच्या टोकालाच पेशी विभागत असतात. तेव्हापासून सरांच्या घरी दोन कांदे ग्लासांवर बसले. एक घरी माठाच्या सावलीला आणि दुसरा, चांगला, सरांबरोबर बीडला. घरचा उन्हानं सडला तर, अशी त्यांना धास्ती. हॉलमध्ये तो खिडकीत ठेवायचे आणि दर तासाला उठून पाणी बघायचे. पांढरीशुभ्र मुळं चांगली बोटभर झाली होती.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी जेवणात भाकरी होती, ठेचा होता, पण कांदा नव्हता. गेवराईचे पवळ सर, भला माणूस, कांद्याशिवाय घास गिळत नाही. खिडकीतला कांदा उचलला, मुळं उपटून टाकली आणि एका बुक्कीत फोडला. वर सगळ्यांना वाटलाही. डोईफोडे सर हात धुऊन आले तेव्हा त्यांच्या पानातही एक फोड होती. त्यांनी खिडकीकडं पाहिलं. मग ती फोड खाल्ली आणि म्हणाले, कांदा गोड आहे. पुन्हा हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मला लई वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पवळ सर खाली मान घालून आले, हातात स्वतःच्या शेतातल्या कांद्यांची पिशवी. निवडून निवडून आणलेले, एकालाही मूळ नाही! जीवशास्त्राचा माणूस, पण मुळं फुटायला दिवस लागतात हे घाईत विसरला. डोईफोडे सरांनी पिशवी घेतली, आभार मानले आणि घरचा कांदा टॉवेलातून बाहेर काढला. अर्धा मऊ पडलेला, खाली जेमतेम तीन मुळं.

मॅडमनी टोक कापलं, रंगात गरम केलं, काचेवर घेऊन दाबलं. पहिली काच फुटली. दुसऱ्या मुळात नुसताच लाल चिखल दिसला. तिसरं मूळ मॅडमनी सरांच्या हातात दिलं. सरांनी काचेवर अंगठा ठेवून जपून दाबलं. मग ते भिंगाला डोळा लावून वाकले आणि वाकलेलेच राहिले. मागं आमची रांग लागली.

शेवटी मॅडमनीच हळू विचारलं, दिसतंय का?

सर म्हणाले, "दिसतंय. गुणसूत्रं दोन्हीकडं चाललीत. फळ्यावर काढायचो ना, अगदी तसंच हाय." मग चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. "लई वर्षं भ्या वाटायचं, मॅडम. पोरं इश्वासानं उतरून घेत्यात. म्हणलं, आपण त्यांना खोटं तर न्हाई ना शिकवत?"

एवढं बोलून ते बाजूला झाले. आम्ही एकेक करून पाहू लागलो. माझी पाळी झाल्यावर वळून बघतो, तर सर रांगेत सगळ्यात मागं जाऊन उभे राहिले होते.