न वाजलेल्या आवाजाचा गुण

विज्ञानाची प्रगती शेवटी कुणाच्या तरी मानेवर अवलंबून असते. योग्य मान मिळाली की निम्मं संशोधन झालंच. उरलेलं निम्मं म्हणजे अनुदान.

धंतोलीतल्या ध्वनी-उत्तेजन संशोधन प्रतिष्ठानाने या माना कामठीहून आणल्या. संचालक डॉ. शरच्चंद्र यांचा सिद्धान्त असा की, कानाला विशिष्ट कंपनांचा आवाज पुरवला की मेंदूतल्या झोपलेल्या पेशी जाग्या होतात, कानातली शिटी थांबते, ऐकू येऊ लागतं आणि चित्त प्रसन्न होतं. हे सिद्ध करायला कान गेलेली माणसं पाहिजेत. कामठीच्या पॉवरलूमनी ती आयतीच तयार करून ठेवली होती, तीही विनाअनुदानित.

कवडू त्यातलाच. जन्म मागावर गेला, मागाच्या खटखटीत कान गेले, आणि नुकसानभरपाई म्हणून एक बारीक शिटी कानात राहिली. शिटीबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. त्याची मुलगी रितिका लग्न होऊन रायपूरला गेली, तिथं गोदामात कामाला लागली, आणि जेवणाच्या सुटीत बापाला फोन करते. (व्हिडिओ कॉल जमत नाही; गोदामात कॅमेऱ्याला बंदी आहे, मालाची अब्रू जाते.) समोरच्याच्या ओठांवरून कवडू बरंच ओळखतो, पण फोनला ओठ नसतात. त्याला पोरीचा आवाज ऐकायचा होता, बाकी काही नको. आणि प्रतिष्ठानाने जाहीर केलं होतं की प्रयोगाने ज्याला फरक पडणार नाही, त्याला कानाचं मशीन फुकट मिळेल. तेवढ्यासाठी तो बायकोला, शामलाला घेऊन शेअर ऑटोत बसला.

प्रयोग अत्यंत शास्त्रशुद्ध होता. दोन गट पाडले. एका गटाला हेडफोन लावून आवाज वाजवला. दुसऱ्याला तेच हेडफोन लावले आणि काहीही वाजवलं नाही. कवडू दुसऱ्या गटात होता. कोण कुठल्या गटात हे गुप्त ठेवलं होतं. (मोठ्याने सांगितलं असतं तरी ते गुप्तच राहिलं असतं.) मग संशोधक चिन्मयी तोंडावर मास्क चढवून यायची आणि विचारायची, काका, बरं वाटतंय? पहिल्यापेक्षा नीट ऐकू येतंय? कवडू मान हलवायचा. चिन्मयी टिकमार्क करायची.

इथे मागाच्या शेडमधली एक रीत सांगणं भाग आहे. त्या खटखटीत शेठ येऊन उभा राहिला, की त्याचं तोंड हललेलं दिसलं रे दिसलं मान हलवायची. त्या मानेचा अर्थ ‘हो’ असा नव्हता. ‘तुमचं तोंड हललेलं पाहिलं’ एवढाच होता. काय म्हणाले म्हणून जो परत विचारी, त्याचा माग त्या दिवशी बंद राही. त्यामुळे अख्ख्या कामठीच्या माना फार तयारीच्या झाल्या होत्या. ही गोष्ट एकाही शोधनिबंधात नसल्याने शास्त्राला माहीत नव्हती, आणि जे शास्त्राला माहीत नाही ते नसतंच.

निकाल आले. आवाज ऐकवलेल्या गटात सुधारणा शंभर टक्के. आवाज न ऐकवलेल्या गटातही शंभर टक्के. एखादा लेचापेचा शास्त्रज्ञ इथे घाबरला असता. डॉ. शरच्चंद्र घाबरले नाहीत. त्यांनी अनुमान काढलं की हा आवाज इतका गुणकारी आहे की तो वाजवावाही लागत नाही. लगोलग खालच्या मजल्यावर ‘निर्नाद उपचार’ सुरू झाला. विदर्भभरातून लोक येतात, तासभर मुका हेडफोन लावून बसतात, आणि डॉक्टरांनी विचारलं की माना हलवतात. शिकलेले तर जरा जास्तच हलवतात.

सगळ्यांनाच फरक पडल्यामुळे मशीनं कुणालाच द्यावी लागली नाहीत. कवडूला एक गुलाब आणि ‘श्रवणसंपन्न’ असं प्रमाणपत्र मिळालं. ते हातात घेऊन तो शामलाकडे बघत राहिला. शामला उठली ती थेट चिन्मयीपुढे.

“बाई, यायले काहीच ऐकू येत नाही. हे मान हालवते म्हंजे तुमचं तोंड हाललं येवढंच यायले समजलं. मास्कामागं तेही दिसत नाही, डोळ्यावरून अंदाज घेऊन राहिले ते.”

चिन्मयी गोंधळली. तिने डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांचं म्हणणं हा पुरावा होत नाही. तरी विज्ञान उदार आहे, उद्या फेरतपासणी करू.

दुसऱ्या दिवशी ऑटोत शामलाने कवडूला ओठ मोठमोठे करून पढवलं. “मान हालवाची नाही. काई इचारलं, तरी जोरानं ‘नाही’ म्हनाचं. समजलं?”

कवडूने मान हलवली. शामलाने कपाळाला हात लावला आणि त्याचा दुपट्टा त्याच्याच मानेभोवती करकचून गुंडाळला.

डॉक्टर मास्क लावून समोर बसले. उदार असल्यामुळे त्यांनी त्याच्या बाजूनेच प्रश्न केला.

“म्हणजे काका, तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, बरोबर?”

कवडूने त्यांचा मास्क हललेला पाहिला. मान सवयीनेच खाली निघाली होती, ती त्याने सगळी ताकद लावून धरली.

“नाही!” तो ओरडला. पलीकडच्या खोलीतली माणसं दचकली.

डॉक्टरांनी चिन्मयीकडे पाहिलं. चिन्मयीने शामलाकडे पाहिलं, मग खाली पाहून लिहिलं : प्रश्न नीट ऐकला, विनाविलंब उत्तर दिलं, ऐकू येत नसल्याचा आरोप स्वतः फेटाळला. शामला काही बोलू गेली, तेव्हा तिला नम्रपणे सांगण्यात आलं की रुग्णाच्या सुधारणेत घरच्यांनी आडकाठी आणू नये.

दुपारी कामठीला फोन वाजला. पडद्यावर रितिकाचा फोटो दिसला म्हणून कवडूने तो उचलून कानाला धरला. शामला शेजारीच होती.

“बाबा, मशीन भेटलं का जी?”

कवडूने मान हलवली. चांगली सावकाश, प्रेमाने.

“बाबा, काहून बोलत नाही? आहा का तुमी?”

तो हलवतच राहिला.

इथवर वाचताना तुमचीही मान दोनचार वेळा हलली असेल. काही हरकत नाही. माग बंद पडू नये म्हणून ती सगळ्यांचीच हलते. प्रतिष्ठानाने तुम्हाला कुठल्याही गटात घेतलेलं नाही. फरक पडलेल्यांत मात्र तुम्हाला धरलं आहे.