घरातून जाणारी वाट

नाना रोज सकाळी आमच्या घरातून जायचे. घरासमोरून नव्हे, घरातून. पुढच्या दारात चपला काढून हातात घ्यायचे, "वाट हाय," म्हणत बाहेरची खोली ओलांडायचे, मग स्वयंपाकघर, आणि मागच्या दारातून बाहेर पडले की चपला पायात घालून फाट्याकडे चालू लागायचे.

सुप्याजवळची आमची ही वसाहत सगळी नानांच्या शेतावर उभी आहे. त्यांच्या वस्तीवरून फाट्याला जाणारी जुनी पायवाट आमच्या प्लॉटच्या बरोबर मधून जात होती. शेत विकलं हे नानांना मान्य होतं. "जमीन दिली. वहिवाट कुठं दिली?" एवढंच त्यांचं म्हणणं. बाकीच्यांनी भिंती घातल्या होत्या. तिथे नाना वळसा घालायचे, पण भिंतीकडे असं बघायचे, जशी काही वाटेत म्हैस बसली आहे आणि ती आज ना उद्या उठेल. आमची दोन्ही दारं मात्र समोरासमोर.

आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे दारात बसून दाढी करत होते. कंपनीची पहिली पाळी गाठायची होती. एवढ्यात एक टोपीवाले म्हातारबा त्यांना ओलांडून आत शिरले.

"अहो, अहो, कुठं चाललात?" हे ओरडले.

नाना जागच्या जागी थांबले. "निघालेल्या मान्साला कुठं म्हनत्यात व्हय? लांब का, म्हनावं. घातलंत का आता आडवं?"

आता तसंच पुढे जाणं बरं नव्हे, म्हणून ते खाली बसले. पाणी प्याले. पाण्यावर चहा घेतला. मग उठून बाहेर गेले आणि पहिल्यापासून पुन्हा आत आले. ह्यांच्या गालावरचा साबण वाळून गेला होता. हे गुमान म्हणाले, "लांब का?"

"हितंच, फाट्यावर," नाना खूश होऊन म्हणाले.

मी पाथर्डीकडची. शिक्षण चौथी, आणि बोलणं त्याहून कमी. इथे सगळ्यांची दारं लावलेली. हे कामावर गेले की दिवसभर शब्द बोलायला माणूस नसायचं. नाना तेवढे जाता जाता कढईत डोकवायचे. "सूनबाई, वांग्याला तेल लई झालं." मला उत्तर सुचेपर्यंत ते मागच्या दाराबाहेर पोचलेले असायचे. मग मी दुसऱ्या दिवशी सांगायची, "वांगी जून होती, नाना." आणि नानाही काल कुठे थांबलो होतो ते विसरायचे नाहीत. "मंग इकत घ्यायचीच कशाला?" असं एक भांडण आम्ही चार-चार दिवस पुरवून पुरवून केलं आहे.

वसाहतीच्या मधली मोकळी जागा तशीच पडून होती. तिथे काय करायचं ते ठरवायला बैठक झाली. इंजिनिअर साहेबांनी नकाशा दाखवला. कबड्डी, व्हॉलीबॉल, पोरांना घसरगुंडी, आणि सगळ्याच्या भोवती चालायला गोल रस्ता.

"ह्यो रस्ता जातो कुठं?" नानांनी विचारलं.

"कुठंच नाही, आजोबा. जिथून निघालात तिथंच परत."

"मंग निघायचं कशाला?"

सगळे हसले. नाना हसले नाहीत, बसलेही नाहीत. "पोरांना खेळू द्या, लई चांगलं हाय. माझी फाट्याची वाट तेवढी मोडू नका. दुसरं काय मागत न्हाई मी," ते म्हणाले.

"नाना, लोकाच्या स्वयंपाकघरातनं जाता, ते शोभतं का?" मागून कुणीतरी टोमणा मारला. नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मी बायकांच्या मागे बसले होते. आमची हरकत नाही, असं ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

पण साहेब भले निघाले. मैदानाच्या कडेने थेट फाट्यापर्यंत, सगळ्यांसाठी एक पायवाट त्यांनी नकाशात घातली. नानांनी घरांतून जायचं नाही, असं ठरलं.

वाट झाली. सिमेंटचे ब्लॉक, कडेला लिंबाची रोपं, बसायला बाकडी. नारळ नानांच्याच हातून फोडला. कानात वायरी घालून माणसं सकाळ-संध्याकाळ त्यावर भराभर चालू लागली. नानाही कोऱ्या टोपीत दिसायचे. मग हळूहळू दिसेनासे झाले.

आमचं मागचं दार लावलेलंच राहू लागलं. भाजीला तेल कितीही पडलं तरी कुणी बोलेना.

परवा मी दळण घेऊन चालले होते. नाना त्यांच्या ओट्यावर बसले होते. डोक्यावर टोपी, पायात चपला, पण निघालेले नव्हते.

मी डबा खाली ठेवला. "नाना, वाट आवडली नाही का?"

"वाट झ्याक हाय. पायाला खडा लागत न्हाई. पर तिच्यावर कुनाचं दार न्हाई, सूनबाई. मानसं मागनं येत्यात, म्होरं जात्यात. आमची ही हुती तवर घरातनं निघतानाच इचारायची, लांब का? ती गेली, आन पोरगं ऱ्हातंय पुन्यात. कुनी इचारलंच न्हाई, तर मानूस निघाला काय आन बसला काय."

"फाट्यावर काम असेल ना काही?"

"कसलं काम? फाट्यावर माझं कवाच काय काम नव्हतं."

समोरून गिरणीकडे चाललेल्या बायका आमच्याकडे बघत होत्या. मी पदर सारखा केला आणि त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "नाना, लांब का?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून हळूच उठले.

"हितंच, फाट्यावर," ते म्हणाले. "तुला काय आनायचं का?"

"कोथिंबीर."

"एक जुडी का दोन?"

सकाळीच दारावर घेतलेली कोथिंबीर घरी निवडून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती.

"दोन," मी म्हणाले.