उठलं की बंद पडणारं मशीन

छकुलीचं जावळ काढलं ते साल २०२१. त्या जावळासाठी तिचे आजोबा रामहरी तात्या कोऱ्हाळे बुद्रुकहून लोणी देवकरला लेकाकडे आले. नातीनं त्यांच्या मिशीला असा हात घातला की परत जायचा बेतच मोडला. पण तात्यांचा एक हट्ट होता.

"राजा, तुझ्या घरात रिकामा बसून भाकरी खाणार न्हाय. काम बघ माझ्याजोगं. न्हायतर सोमवारच्या यष्टीनं मी चाललो."

लेक राजवर्धन तिथल्याच एका कारखान्यात कामाला होता. कारखान्यापुढं मोठी हिरवळ होती आणि ती कापायला बसून चालवायचं नवं मशीन आलं होतं. सीट, स्टिअरिंग, गिअर आणि पोटाखाली गरगर फिरणारं पातं. चालवणारा मात्र कुणी नव्हता. राजवर्धननं ऑफिस सांभाळणाऱ्या दिशा मॅडमच्या कानावर बापाचं नाव घातलं.

"चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय? मग शनिवारी येऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "मी वरच्या खिडकीतून बघते. जमलं तर सोमवारपासून काम पक्कं."

शनिवारी तात्या मशीनभोवती आधी दोनदा फिरले. वाकून पातं बघितलं. गवत किती उंच ठेवायचं त्याचा दांडा होता, त्याला पाच खाचा होत्या. तो वरखाली करून त्यांनी तिसऱ्या खाचेत बसवला आणि गडी जागेवर बसला. मशीन झकास सुरू झालं.

आता ट्रॅक्टरवाल्याची एक खोड असते. नांगर मागं नीट चाललाय का, हे तो दर दहा पावलांवर अर्धवट उठून बघतो. तात्याही उठले. मशीन बंद.

पुन्हा चालू केलं. पुन्हा उठले. पुन्हा बंद.

"झुंबर, ह्या मशीनला कळतं कसं मी उठलो त्ये?" तात्यांनी गेटवरच्या वॉचमनला हाक मारली. नोकरीचा विषय बाजूला राहिला आणि तात्यांना या कोड्यानं धरलं. ते एका अंगावर कलून बसून बघू लागले. मग दुसऱ्या अंगावर. मग नुसता तळहात सीटवर दाबून.

"तात्या, मॅडम बघत्यात वरनं. काय म्हणतील?"

"म्हणू दे. आरं, वजनावर हाय सगळं! सीटखाली खटका हाय. वजन गेलं की मशीन गप्प."

"मग उठू नगा की!"

"मागं न बघता कसं चालवायचं? आंधळ्यागत?"

शेवटी दोघांनी गोदामातनं युरियाचं भरलेलं पोतं आणून सीटवर ठेवलं आणि तात्या त्या पोत्यावर बसले. आता कितीही उठा, मशीन चालूच. तात्या खूश. उठून, वळून, मागं बघत त्यांनी सहा पट्ट्या मारल्या.

सातव्या पट्टीला पुढं पाण्याचा पाइप आडवा दिसला. ऊस भरताना तात्या ट्रॅक्टर बारक्या गिअरमध्ये सोडून खाली उतरायचे, काम करून पुन्हा चढायचे. त्याच सवयीनं ते उतरले, पळत पुढं जाऊन पाइप बाजूला ओढला आणि चढायला वळले.

"पाय घालू नगा, तात्या! पातं फिरतंय!" झुंबर ओरडला.

ट्रॅक्टरसारखी चढायला पायरीच नव्हती. पोतं ऐटीत बसलेलं आणि मशीन आपलं निघालेलं. शेजारून तात्या, मागून झुंबर.

"आरं, थांब की!" तात्या म्हणाले.

"कुणाला सांगताय? पोत्याला?"

मशीन थेट झेंडूच्या वाफ्यात शिरलं. दोन ओळी झेंडू उडाला. पलीकडं ऑफिसचा काचेचा दरवाजा होता. तात्यांनी मनातल्या मनात सोमवारची यष्टी पकडली. तेवढ्यात वाफ्याच्या कडेच्या विटेवर चाक उसळलं, पोतं कलंडून धप्पकन खाली पडलं आणि काचेपासून दोन हातांवर मशीन गप्प झालं.

"असं व्हय!" तात्यांचा चेहरा एकदम उजळला. "माणूस पडला तर कापू नये म्हणून हाय त्यो खटका! काय डोकं चालवलंय करणाऱ्यानं, झुंबर!"

दरवाजा उघडून दिशा मॅडम बाहेर आल्या. त्यांनी झेंडू बघितला, पोतं बघितलं. मग हिरवळीकडं बोट केलं.

"तात्या, पहिल्या सहा पट्ट्या सापासारख्या गेल्यात. सातवी मात्र दोरी लावल्यासारखी. ही तुम्ही मारली?"

तात्या खोटं बोलणारे नव्हते. मान खाली घालून म्हणाले, "न्हाय मॅडम. अर्ध्यापास्नं पोत्यानं मारली."

मॅडमनी ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. "ते काय वेगळं करत होतं?"

तात्यांनी खाली पडलेल्या पोत्याकडं बघितलं. "मागं बघत नव्हतं."

"मग सोमवारी या. झेंडू परत लावायचा. आणि पोतं गोदामात."

तात्यांनी तीन वर्षं ती हिरवळ कापली. सगळ्या पट्ट्या सरळ. संध्याकाळी छकुलीला कडेवर घेऊन ते पट्ट्या मोजायला लावायचे.

रामहरी तात्या ९ डिसेंबर २०२४ ला, सोमवारी, लोणी देवकरलाच लेकाच्या घरी वारले.