मारोतरावजींचा जुना चहा

मारोतरावजींच्या घरी चहा फुकट मिळायचा, पण पिऊन झाला की परीक्षा द्यावी लागायची. पाहुण्यानं कप खाली ठेवायच्या आत ते पुढे सरकत आणि विचारत, "कशाचा वास येऊन राह्यला? घाई नका करू. सांगा." कोणी "मस्त" म्हणालं की त्यांना राग येई. "मस्त तर भजेही राह्यते. वास सांगा, वास." एकदा नापास झालेला माणूस पुन्हा त्या ओट्यावर सहसा चढत नसे.

माझा नवरा मात्र रोज पास होत होता, आणि तेच माझं दुखणं होतं.

मारोतरावजी रेल्वेत गार्ड होते. नोकरी सुटल्यावर वर्ध्याजवळच्या बोरगावच्या कडेला आमच्या शेजारची खोली घेऊन एकटेच राहायला आले. मधली भिंत एकच. नवे पैसे अजून यायचे होते, आणे-पै मोजून चालण्याचे दिवस, त्यात हा माणूस फंडाच्या पैशावर जगणारा. वर्ध्यात तेव्हा आश्रमाचं ऐकून अर्ध्या लोकांनी चहा सोडलेला आणि उरलेले अर्धे त्यांना दिसू नये म्हणून दार लावून पिणारे. मारोतरावजी दार सताड उघडं ठेवून प्यायचे. आणि चहा तरी कसला? बिनदुधाचा, बिनसाखरेचा, काळाकुट्ट, वर्षानुवर्षं मुरवलेला.

ही चव त्यांना कलकत्त्याच्या बाजूला ड्युटी असताना एका चिनी जोडेवाल्यानं लावली होती. विटेसारखी दाबलेली चहाची लादी असते, ती जितकी जुनी तितकी महाग. खरी जुनी घेण्याची ऐपत नाही म्हणून ते नवीच मागवत, तीही फुटकी. कागद फाटलेली, कोपरे उडालेली, दुकानदारानं बाजूला टाकलेली लादी हावड्याकडून येणाऱ्या गाडीवरचे जुने सोबती आणून देत. मग ती मडक्यात घालायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि माळ्यावर चढवायची. "जुनी घ्याले पैसा लागते, बाई. जुनी कराले फक्त दम लागते," असं ते मला भेटेल तेव्हा ऐकवत. उन्हाळ्यात लादी सुकू नये म्हणून मडक्याशेजारी पाण्याची घागर ठेवत, पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून मडकं खाली उतरवून सिगडीजवळ आणत. मी माझी लोणच्याची बरणीसुद्धा कधी इतकी जपली नाही.

यातला एक तुकडा ह्यांनी पहिल्यांदा घरी आणला तेव्हा मला ती गोवरी वाटली. चुलीत सारणार तेवढ्यात हे आतल्या खोलीतून धावत आले. लग्नानंतर ह्यांना धावताना मी तेव्हाच पाहिलं.

संध्याकाळी हे मालधक्क्यावरच्या कामावरून येत, टोपी खुंटीला अडकवत आणि सरळ शेजारी जात. मारोतरावजी ह्यांना 'भाऊ' म्हणत. माझा चहा काय वाईट होता? आलं ठेचून, गवती चहा घालून, दूध आटवून केलेला. त्याला इतक्या वर्षांत एकच शब्द मिळाला होता, "ठीक." मला मत्सर वाटायचा, सरळ सांगते. सवत असती तर निदान तिच्या झिंज्या धरता आल्या असत्या. मडक्याशी कसं भांडायचं? मी भिंतीला कान लावून बसायची. शब्द कळत नसत, पण ह्यांचा आवाज हळूहळू चालूच असे. घरी मीठ हवं असलं तर बोट दाखवणारा हा माणूस तिथे अर्धा अर्धा तास बोलत होता. संध्याकाळचा तो वेळ माझा होता, आणि तो त्या काळ्या पाण्यात चालला होता.

एकदा हे चुलतभावाकडे आंजीला गेले. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचा. आमच्या माणसाला बोलावणं बंद करा, असं तोंडावर सांगायचं. पदर खोचून निघाले.

ओट्यावर पाय ठेवला तोच जळकट वास आला. माझं नाक असं की दूधवाला पाणी घालून आमच्या दारात यायला भ्यायचा. आत गेले. भांडं उतरवायचं फडकं सिगडीत पडलं होतं आणि धुमसत होतं. हातभर अंतरावर मारोतरावजी डोळे मिटून, कप नाकाशी धरून बसले होते. मी फडकं ओढून त्यावर पाणी ओतलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"काय झालं, बाई?"

"फडकं जळत होतं, काकाजी. वास नाही आला?"

त्यांनी फडक्याकडे पाहिलं, मग कपाकडे. "नाई येत. मुदतीचा ताप आलता, त्यात गेला. वास बी गेला, चव बी गेली. गरम हाये एवढंच कयते."

"मग हा सगळा खटाटोप कशाला?"

"मडक्यात काही चांगलं होऊन राह्यलं, असं कोणी सांगतलं का बरं वाटते. बाकीचे मस्त म्हणते अन् जाते. भाऊ सांगते. परवा म्हणे, लग्न होऊन तुम्ही घरी आल्या अन् पहिल्यांदा माहेरची पेटी उघडली, तो वास हाये या च्याले."

मी खालीच बसले. पेटीचा वास! मला कधी बोलले नाहीत, आणि शेजाऱ्याला चहासोबत सांगून बसले. रडावं की हसावं कळेना. मडक्याचा मत्सर बाजूला राहिला आणि मला त्या म्हाताऱ्याच्या निकामी नाकाचा हेवा वाटू लागला.

त्यांनी ह्यांच्या कपात माझ्यासाठी चहा ओतला. मी हुंगला आणि खरं ते सांगितलं, "ओल्या गोणपाटाचा वास आहे. खाली थोडा जुन्या सागवानाचा."

त्यांनी विचार केला. "राग नका मानू, पण भाऊ जास्त चांगलं सांगते."

मग ते कप हातात फिरवू लागले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक इचारू, बाई? एकल्या माणसाच्या घराले वास येते म्हणते. त्याचं त्याले कयत नाई. भाऊले इचारलं तर ते नाईच म्हणन. तुमचं नाक तिखट हाये, तुम्ही खरं सांगजा. माह्या घराले येते का?"

मी श्वास घेतला. जळकं फडकं, दोरीवर कोंदट वाळलेलं धोतर, तेलकट उशी, कित्येक दिवस बंद असलेली खिडकी. सगळं आलं.

"येतो," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला.

"चहाचा येतो, काकाजी. पार ओट्यापासून येतो."

त्यांनी मान हलवली आणि सिगडीवर पुन्हा पाणी ठेवलं. मी उठून खिडकी उघडली, आणि जे भांडण घेऊन गेले होते ते न काढता तिथेच बसून राहिले.