गंजलेलं रशियन विमान

आमचे शेजारी जयवंतकाका कॉम्प्युटरवर विमान उडवायचे, पण घरातून कुणी "येवा" म्हटल्याशिवाय जमीन सोडायचे नाहीत. आमच्या मालवणात घराबाहेर पडणारा माणूस "जातो" म्हणत नाही. तो "येतंय" म्हणतो आणि घरातल्यांनी "ये", मोठ्या माणसाला "येवा" म्हणायचं. काका खुर्चीत बसल्या बसल्या ओरडत, "येतंय गो!" काकी मागीलदारी बांगडे साफ करत असल्या की इंजिनं नुसती घरघरत राहायची.

"आयकलंस मां? हय पेट्रोल जळता!"

"जळांदे! तां काय तुम्ही भरलास?" आणि जरा वेळाने, "येवा."

विमान होतं दुसऱ्या महायुद्धातलं, दोन इंजिनांचं रशियन बॉम्बफेकी, पे-२. खेळात ते नव्हतं, म्हणून काका ते कॉम्प्युटरवरच एकेक पत्रा जोडून घडवत होते. परदेशातली काही हौशी मंडळी अशी विमानं तपासून खेळात घेत. त्यांना लिहिण्याचं काम माझ्याकडे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेव्हा मला इंग्रजी येतंच असा काकांचा समज होता. तो मोडायचं धैर्य मला झालं नाही. डिक्शनरी मांडीवर घेऊन लिहायचो.

काकांची सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनखोलीत झालेली. त्यांनी विमानाला पंखांपासून शेपटीपर्यंत गंज रंगवला. उत्तर आलं, विमान ॲल्युमिनियमचं आहे, त्याला असा गंज चढत नाही, काढा.

"एक पावसाळो हय ठेवा म्हणान सांग त्येंका!" काका भडकले. पण काढला.

मग शेवटचं उत्तर आलं. विमान पसंत आहे, फक्त मागे बसलेल्या बंदूकवाल्याचा चेहरा बदला. तो हसतोय, सैनिक वाटत नाही. तेवढं केलंत की घेतो.

मी ते काकांना मराठीत सांगितलं. तो चेहरा बाबूचा होता, काका-काकींच्या एकुलत्या मुलाचा, त्यांच्या झिलाचा. कॉम्प्युटर त्याचाच आणि विमानही त्यानेच सुरू केलेलं. ते सगळ्या जगाने उडवावं एवढीच त्याची इच्छा होती. नाक आणि एक पंख झाला होता, तेव्हा एका सकाळी तो मित्राच्या होडीतून मासेमारीला गेला. काकी विहिरीवर होत्या. घाईत "येतंय" म्हणायचं राहिलं. किनाऱ्याला लागल्या त्या फक्त होडीच्या फळ्या.

"काय लिहू, काका?"



"लिव. गंज काढलंय. झिलाक काढूचंय नाय."

मी तसंच लिहिलं. विमान खेळात गेलं नाही, काकांच्या कॉम्प्युटरवरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी नेहमीसारखी हाक दिली. "येतंय गो!" पण आवाजात जोर नव्हता. काकी हातातलं काम टाकून आत आल्या. कॉम्प्युटरजवळ त्या कधी फिरकत नसत.

"मागे बसलेलो दिसता काय हो?"

काकांनी एक बटण दाबलं. पडद्यावर बाबू हसत होता.

"येवा," काकी काकांना म्हणाल्या. मग पदराला हात पुसून त्यांनी बोट पडद्याला टेकवलं. "आणि तू पण ये रे, बाबू. सांगान गेलंस नाय, तरी ये."

काकींचं बोट पडद्यावर होतं तोवर काकांनी विमान हलवलं नाही. इंजिनं घरघरत राहिली.