टीव्हीचा काटकसरी डोळा

आमचा जुना टीव्ही तसा चालू होता, फक्त त्यात माणसं हिरवी दिसायची. पण आमची प्रियदर्शनी एनसीसीतून दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या संचलनाला निवडली गेली आणि मी ठरवलं, लेक हिरवी दिसता कामा नये. नवा टीव्ही घ्यायचा, तोही वीज वाचवणारा.

साताऱ्याच्या दुकानदाराने सांगितलेलं मी आ वासून ऐकत होते. खोलीत अंधार झाला की हा टीव्ही आपोआप मंद होतो. खालच्या पट्टीत बारीक डोळा आहे. समोर थोडा वेळ कुणी हललंच नाही, तर खोली रिकामी आहे असं समजून तो चित्र बंद करतो, आवाज तेवढा ठेवतो.

"कुठली बचत चालू ठेवू, ताई?"

"सगळ्या ठेवा," मी म्हणाले. (भाजीबरोबर फुकटची कोथिंबीर मी कधी नाकारलेली नाही.)

खरं सांगते, मी त्या टीव्हीने भारावूनच गेले. संध्याकाळी दिवा मालवला की तो पापण्या मिटल्यासारखा मंद व्हायचा. मी स्वयंपाकघरात जाऊन दाराआडून पाहिलं, तर थोड्या वेळाने खरंच चित्र गेलं! परत आले, तर आलं. मी खोलीत आले काय, गेले काय, एवढ्या वर्षांच्या संसारात याची अशी दखल कुणी घेतली नव्हती.

सव्वीस तारखेला कडेगावहून माझ्या थोरल्या नणंद धोंडुबाई आणि धाकटे दीर उदयसिंह आले. आमचे हे रिटायर्ड सुभेदार. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट, त्यावर पदकं. राष्ट्रगीताला आम्ही सगळे उभे राहिलो. मग बसलो, तर यांचा हुकूम सुटला.

"पोरगी तिथं कडक चालणार आन् तुमी हितं पाय हलवत बसणार व्हय? बैठे सावधान! तिची तुकडी जाईस्तवर कुणी हलायचं न्हाई."

"आरं सुभेदार, पाठीला खाज सुटली तर?" धोंडुबाईंनी विचारलं.

"सोसायची, आक्का."

आम्ही दगडासारखे बसलो. उदयसिंहांनी पुढे जमिनीवर बसून शूटिंगसाठी मोबाईल धरला होता, तोही हलेना. तुकड्यांमागून तुकड्या गेल्या. शेवटी एनसीसीच्या मुली येत आहेत, असं निवेदकाने सांगितलं आणि पडदा काळा झाला. बँड मात्र वाजतच होता.

"लाईट गेली," उदयसिंह ओठ न हलवता म्हणाले.

"आवाज येतोय की रं!" धोंडुबाई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अहो, टीव्हीला वाटतंय घरात कुणी नाही!"

"कुणी न्हाई? मी बसलोय की!" हे सावधानमध्येच गरजले.

मी धावत पुढे गेले आणि हात हलवला. काय सांगू, चित्र आलं! मी दोन्ही हात जोडले.

"हात जोडू नगं, हलीव! परत जाईल!" यांचा हुकूम आला.

"अंजने, त्याच्या डोळ्यासमोर जा, त्याला नीट दिसू दे!" धोंडुबाईंनी मला सांगितलं.

मी टीव्हीपुढे उकिडवी बसले आणि दोन्ही हात हलवू लागले. इतक्या जवळून पडदा म्हणजे नुसते रंगीत ठिपके.

"ती बघा आली! पुढनं दुसरी!" मागून धोंडुबाई किंचाळल्या.

"कुठाय?" मी मान वर केली.

"तू वर बघू नगं, हात हलीव!" हे ओरडले.

मी हलवत राहिले. तुकडी गेली. मागे टाळ्या वाजल्या, सुभेदारांनी नाक शिंकरलं, धोंडुबाईंनी डोळे पुसले. लेक बघितली नव्हती ती फक्त मी. मग माझेही डोळे भरून आले.

"रडू नका वैनी, सगळं रेकॉर्ड केलंय. प्रियदर्शनीला पाठवलं पण," उदयसिंह म्हणाले.

आम्ही मोबाईलवर पाहिलं. बँड होता, टोप्यांची एक सुंदर ओळ होती, आणि बाकी सगळीकडे माझे हात. पुढून दुसरी मुलगी येई, तिथे नेमका माझा पंजा.

संध्याकाळी दिल्लीहून फोन आला.

"आई, तो व्हिडिओ माझ्या सगळ्या मैत्रिणींनी बघितला!"

"बाई गं! मग कशी दिसलीस तू?"

"मी कुठं दिसतेय त्यात? त्या विचारतायत, संचलनाच्या मधे ट्रॅफिक सोडणाऱ्या त्या बाई कोण?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, मी नाही ओळखत."